थंडीत रानात अडकल्यास तीनची खूण

कोयनेच्या जंगलातल्या वासोटा किंवा जंगली जयगड किल्ल्याच्या वाटेवर डिसेंबर-जानेवारीत अंधार लवकर पडतो, मोबाईलची रेंज जाते आणि ओरडून घसा बसला तरी दाट झाडीतून हाक फार लांब पोहोचत नाही. म्हणून सॅकच्या खांद्यावरच्या पट्ट्याला एक प्लास्टिकची शिट्टी कायम बांधून ठेवावी, आणि तिची दोरी ओठांपर्यंत सहज पोहोचेल एवढी असावी.

वाट चुकल्याचे ध्यानात येताच भटकणे थांबवून मोकळ्या पण आडोशाच्या जागी बसावे, लागोपाठ तीन लांब शिट्ट्या वाजवाव्यात आणि मिनिटभर गप्प राहावे, कारण शोधणाऱ्यांचे उत्तर त्या शांततेतच ऐकू येते; मग पुन्हा तीन. रात्री हेच टॉर्चच्या तीन उघडझापींनी करावे. दिवसा ऊन असल्यास हात लांब करून दोन बोटांच्या बेचक्यात जलाशयातली दूरची लाँच किंवा माणसे धरावीत आणि आरशाचा कवडसा त्याच बेचक्यावर पाडून हलवत राहावा.

मोबाईल अंगालगतच्या खिशात ठेवावा, गारठ्याने बॅटरी लवकर उतरते. आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असल्यास ११२ हा आपत्कालीन क्रमांक लागू शकतो.

धुरासाठी गवत मात्र कधीही पेटवू नये; या दिवसांत सड्यावरचे, म्हणजे डोंगरावरच्या कातळी पठारावरचे, गवत वाळून खडखडीत झालेले असते आणि वणवा आधी आपल्यालाच घेरतो.