बेघर रुग्णांसाठी प्रतिबंधात्मक वैद्यक : नागपूरमध्ये डॉक्टरांच्या प्रात्यक्षिक प्रशिक्षणाची आखणी कशी करावी

प्रतिबंधात्मक वैद्यकाचे आपले सारे शिक्षण घराच्या उंबरठ्यापासून सुरू होते. आशा सेविकेची नोंदवही घरांनुसार असते, सर्वेक्षण घरोघर होते, वैद्यकीय विद्यार्थ्यांना कुटुंबे दत्तक दिली जातात, आणि कुष्ठरुग्णाच्या सहवासितांना, म्हणजे त्याच्या निकट राहणाऱ्यांना, आजार टाळण्यासाठी रिफाम्पिसिन या औषधाची एक मात्रा द्यायची झाली तर तो सहवासित आधी त्याच्या घरात आणि मग शेजारच्या घरांत शोधला जातो. ज्या माणसाला उंबरठाच नाही, तो नोंदीच्या या रचनेतूनच गळून पडतो. त्याला कोणी मुद्दाम वगळावे लागत नाही. त्यामुळे बेघरांसाठी काम करणाऱ्या डॉक्टरांचे प्रात्यक्षिक आखताना विषयांची यादी नंतर करावी. आधी एवढे ठरवावे की शिकणारा डॉक्टर ‘हा रुग्ण कुठे राहतो’ असे विचारणे सोडून ‘हा माणूस कोणत्या वेळी कुठे असतो आणि त्याला कोण ओळखते’ असे विचारायला शिकेल.

ही आखणी शासकीय किंवा खासगी वैद्यकीय महाविद्यालयातील जनऔषधवैद्यकशास्त्र विभागासाठी, म्हणजे आपल्या बोलण्यातील पीएसएमसाठी (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) आहे. आंतरवासितेतील (इंटर्नशिप) बारा आठवड्यांच्या नेमणुकीतून सलग दोन आठवडे आणि त्यानंतर दर आठवड्याला एक सकाळ एवढा वेळ काढता आला तर तो पुरतो. एका तुकडीत सहापेक्षा जास्त डॉक्टर घेऊ नयेत, कारण पदपथावर झोपलेल्या एका माणसाभोवती दहा जणांनी उभे राहणे हे कोणत्याही हेतूने केले तरी घेरावच ठरते.

पहिले तीन दिवस कोणालाही तपासू नये. रक्तदाबाचे यंत्र, ॲप्रन आणि स्टेथोस्कोप विभागातच ठेवून तुकडीने रात्री दहा वाजता आणि पुन्हा पहाटे पाचला शहर पायी पाहावे. रेल्वे स्थानक आणि गणेश टेकडीचा परिसर, सीताबर्डी, कॉटन मार्केट, ताजबागचा दर्गा आणि मेडिकल व मेयो या शासकीय रुग्णालयांच्या आवाराबाहेरची जागा एवढे फिरले तरी बरेच दिसते. हातातल्या नकाशावर माणसांची संख्या लिहिण्यापेक्षा पाण्याचा नळ कुठे आहे आणि तो किती वाजता चालू असतो, शौचालयाला पैसे लागतात का, जेवण कुठे वाटले जाते, रात्री उघडे औषधाचे दुकान कोणते, सावली दुपारी कोणत्या बाजूला सरकते, हे टिपावे. पुढील प्रत्येक वैद्यकीय निर्णय या नकाशावर उभा राहणार आहे. याच टप्प्यावर एक छोटे गणितही करून घ्यावे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषानुसार दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांसाठी कायमस्वरूपी निवारा हवा आणि प्रत्येकाला ५० चौरस फूट जागा हवी. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाखांहून अधिक होती. शहरात किमान किती जणांची सोय हवी, हे शिकणाऱ्याने स्वतः मांडावे आणि मग बेघर निवाऱ्यांत प्रत्यक्ष जाऊन खाटा मोजाव्यात.

या फेऱ्यांत वाटाड्या म्हणून जो स्वतः रस्त्यावर राहिला आहे असा माणूस घ्यावा, त्याला शिक्षकाचा दर्जा द्यावा आणि मानधन द्यावे. हे मानधन अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहावे; शेवटी उरलेल्या पैशांतून देऊ म्हटले की ते दिले जात नाही, हा माझा अनुभव आहे.

जवळ कसे जावे, हा स्वतंत्र धडा आहे. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा १९५९ चा अधिनियम महाराष्ट्रात लागू असल्यामुळे गणवेश आणि सरकारी गाडी दिसली की पकडून नेतील अशी भीती या लोकांना वाटते, आणि ती निराधार नाही. आमची पहिली तुकडी ॲप्रन घालून मोठ्या गाडीतून उतरली होती. ती चूक माझी होती, आणि ज्यांना तपासायला आम्ही गेलो त्यांतले बहुतेक आम्ही रस्ता ओलांडेपर्यंत निघून गेले. म्हणून पायी जावे, समोरचा बसलेला असेल तर आपणही खाली बसावे, झोपलेल्याला उठवू नये, आणि ‘बाबा, थोडा वेळ बसू का इथे?’ किंवा ‘मावशी, पाय दुखतो का?’ एवढेच विचारावे. नागपुरात यांपैकी अनेक जण मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधून आलेले असतात, तेव्हा हिंदीतही तितक्याच आदराने बोलता आले पाहिजे. ‘नको’ म्हणणाऱ्याला पाणी देऊन निघून येणे हा त्या दिवसाचा पूर्ण धडा मानावा. मानसिक आजाराने भटकणाऱ्या व्यक्तीबाबत मात्र कायदा नीट शिकवावा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० नुसार अशा व्यक्तीला संरक्षणात घेण्याची जबाबदारी पोलिसांवर असून तिला चोवीस तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यावे लागते. कोणाला कळवायचे, रुग्णाला काय सांगायचे आणि त्याच्या सामानाचे काय करायचे, याचा सराव वर्गातच एकदा करून घ्यावा.

तपासणीची सुरुवात पायांपासून करावी. अमेरिकेत बोस्टन शहरात १९८५ मध्ये बेघरांची आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा जिम ओकॉनेल या तरुण डॉक्टरला तेथील परिचारिकांनी सुरुवातीचे काही आठवडे फक्त रुग्णांचे पाय धुवायला बसवले होते. ही पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडते, कारण उन्हाने तापलेल्या सिमेंट रस्त्यांवर अनवाणी किंवा झिजलेल्या चपलेने चालणाऱ्या माणसाचा पाय बरेच काही सांगतो. एक टब, कोमट पाणी, साबण, कोरडे कापड आणि पायाची संवेदना तपासायचा दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट (नायलॉनचा तंतू) एवढे साहित्य पुरते. पाय धुताना बोटांमधील बुरशी, भेगा, अळ्या पडलेली जखम आणि खडा रुतूनही न जाणवलेली जागा दिसते. संवेदना गेलेली असेल तर मधुमेह आणि कुष्ठरोग या दोन्हींचा विचार करावा, त्वचेवरील फिकट बधिर चट्टे आणि जाड झालेल्या नसा पाहाव्यात, कारण कुष्ठकार्याची मोठी परंपरा असलेल्या विदर्भातही हा आजार संपलेला नाही. जखम असेल तेथे टीडी (धनुर्वात-घटसर्प) लस द्यावी. चपलांचे माप घ्यावे आणि पुढच्या खेपेस त्या मापाच्या चपला न्याव्यात. मऊ तळव्याची चप्पल हे येथे प्रतिबंधाचे साधन आहे आणि औषधांच्या मागणीपत्रात तिला जागा मिळाली पाहिजे. वीस मिनिटे पाय पाण्यात असताना माणूस जे बोलतो, ते बाह्यरुग्ण विभागात कधीही ऐकायला मिळत नाही.

नागपूरचा दुसरा मोठा धडा उन्हाचा आहे आणि तो एप्रिल-मेमध्येच, दुपारी, रस्त्यावर शिकवावा. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि सिमेंट रात्रीही उष्णता सोडत राहते, त्यामुळे झोपेतही शरीर थंड होत नाही. शरीराचे तापमान ४० अंशांवर आणि त्यासोबत असंबद्ध बोलणे किंवा शुद्ध हरपणे हा उष्माघात समजून आधी कपडे ओले करून वारा घालावा आणि मग रुग्णवाहिकेची वाट पाहावी. अशा माणसाला दारू प्यायलेला समजून ओलांडून जाणे हीच सर्वांत घातक चूक आहे. प्रतिबंधाचा गाभा मात्र औषधांच्या चिठ्ठीत आहे. मनोविकारांच्या उपचारात दिली जाणारी क्लोरप्रोमाझिन आणि ट्रायहेक्सिफेनिडिल यांसारखी औषधे घाम कमी करतात, मूत्रल म्हणजे लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पाणी काढून टाकतात. मार्चअखेरीस प्रत्येक परिचित रुग्णाची चिठ्ठी तपासून मनोविकारतज्ज्ञ किंवा फिजिशियनशी बोलणे हे प्रशिक्षणार्थीचे लेखी काम ठेवावे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या रुग्णाला शरीरातले पाणी कमी झाल्यास तीव्र वेदनेचा झटका येऊ शकतो, आणि आपल्या भागात हा विचार विसरता येत नाही. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट देताना एक लिटरची बाटलीही द्यावी, नाहीतर ते पेलाभर पाण्यात कालवले जाते.

औषध निवडताना नकाशा पुन्हा उघडावा. ज्याला लघवीसाठी पैसे मोजावे लागतात त्याच्या रक्तदाबावर मूत्रल गोळीपेक्षा दिवसातून एकदा घ्यायची ॲम्लोडिपिन सोयीची. महिन्याच्या गोळ्या एकदम दिल्या तर त्या भिजतात किंवा चोरीला जातात, म्हणून आठवड्यापुरत्या द्याव्यात. निवाऱ्यात क्षयरुग्णाशेजारी झोपणाऱ्यांमध्ये सक्रिय क्षय नाही याची खात्री झाल्यावर, क्षय टाळण्यासाठी सहा महिने रोज आयसोनियाझिड देण्यापेक्षा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन यांच्या आठवड्याला एक अशा बारा मात्रा समोर बसून देता येतात. कुत्रा चावल्यावर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची असते, तेव्हा पहाटे टिपलेला नळ उपयोगी पडतो. गंभीर जखमेत रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडे) लागते, आणि त्वचेत टोचायच्या रेबीजच्या लसीच्या ०, ३, ७ आणि २८ या दिवसांना रुग्णाला गाठण्याची जबाबदारी नावानिशी एका प्रशिक्षणार्थीकडे द्यावी.

खरजेसाठी आयव्हरमेक्टिनच्या दोन मात्रा, सोबत झोपणाऱ्यांनाही, आणि बदलायला कपडे. याहून जास्त येथे सांगण्याची गरज नाही. स्त्रियांची तपासणी स्त्री डॉक्टरनेच आणि निवाऱ्यात आडोसा मिळेल तेथेच करावी.

नोंदवहीत पत्त्याच्या रकान्याऐवजी वेळ, जागा आणि ओळखणारी व्यक्ती असे तीन रकाने ठेवावेत. चहावाला, हमाल, दर्ग्याबाहेरची फुलवाली यांची नावे रुग्णाच्या संमतीनेच लिहावीत आणि त्यांना आजार सांगू नये. छायाचित्रे काढू नयेत. मूल्यमापनात तपासलेल्यांची संख्या मोजू नये, कारण ती मोजली की डॉक्टर सोपे रुग्ण शोधतात; पहिल्या भेटीनंतर चौदा दिवसांत किती जण पुन्हा सापडले, हे मोजावे. तोंडी परीक्षेत एकच प्रसंग द्यावा, उदाहरणार्थ कॉटन मार्केटमधील खोकणारा हमाल, आणि त्याचा थुंकीचा नमुना, जेवण, झोपण्याची जागा व औषध यांची आठवड्याची मांडणी विचारावी. वाटाड्या शिक्षकानेही यात गुण द्यावेत.

नेमणुकीच्या शेवटच्या सकाळी जुन्या तुकडीने नव्या तुकडीला सोबत घेऊन प्रत्येक परिचित रुग्णापाशी जावे, खाली बसावे आणि आपल्या जागी येणाऱ्या डॉक्टरची नावाने ओळख करून द्यावी. ही सकाळ झाल्याखेरीज विभागप्रमुखाने नेमणूक पूर्ण झाल्याची सही करू नये.