पीकेएक्सेकमधलं भोक: लिनक्स सर्व्हरवर कसं तपासाल, कसं बुजवाल

पीकेएक्सेक (pkexec) ही लिनक्सवरच्या पोलकिट पॅकेजमधली कमांड; ती दुसऱ्या वापरकर्त्याच्या, बहुधा रूटच्या (सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या), अधिकाराने प्रोग्रॅम चालवून देते. क्वालिस या सुरक्षा कंपनीने २५ जानेवारी २०२२ रोजी तिच्यातली पॉनकिट (सीव्हीई-२०२१-४०३४) ही त्रुटी जाहीर केली, तेव्हा ही चूक पीकेएक्सेकमध्ये मे २००९ पासून पडून होती. सर्व्हरवर साधं लॉगिन असलेला कुणीही या चुकीच्या जोरावर थेट रूट होतो. जुना सर्व्हर अजून चालू असेल तर आजच बघा.

आधी /यूएसआर/बिन/पीकेएक्सेकवर 'एलएस -एल' चालवा (ls -l /usr/bin/pkexec). परवानग्यांतलं चौथं अक्षर 'एस' दिसलं, तर सेटयूआयडी लागलेलं आहे: चालवणारा कुणीही असो, प्रोग्रॅम रूटच्या अधिकाराने चालतो. नुसता 'एस' हा दोष नव्हे, दोष कोडमध्ये आहे. प्रोग्रॅम सुरू करताना त्याला दिलेल्या अर्ग्युमेंटच्या (शब्दांच्या) यादीत पहिली जागा त्याच्या स्वतःच्या नावाची असते, आणि ती भरलेलीच असणार असं पीकेएक्सेक धरून चालतो. यादी पूर्ण रिकामी दिली, की तो यादीबाहेरची जागा वाचतो. मेमरीत तिथे लागूनच एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंग्ज, असतात. तो तिथे लिहितोही, आणि लोडरने (प्रोग्रॅम मेमरीत चढवणाऱ्या भागाने) सुरुवातीला काढून टाकलेलं धोकादायक व्हेरिएबल पुन्हा आत येतं. ओपनबीएसडी या युनिक्ससारख्या दुसऱ्या सिस्टिमचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) अशी रिकामी यादी मुळात स्वीकारतच नाही.

नुसत्या आवृत्तीच्या आकड्यावर विसंबू नका. उबुंटू २०.०४ मध्ये पॅकेजचा आकडा ०.१०५ च राहिला, दुरुस्ती त्यातच घातली. रेड हॅटवर 'आरपीएम -क्यू --चेंजलॉग पोलकिट' (rpm -q --changelog polkit) चालवून त्या बदलांच्या नोंदीत २०२१-४०३४ शोधा. उबुंटू-डेबियनवर पोलकिटच्याच पॉलिसीकिट-१ (policykit-1) या पॅकेजचा चेंजलॉग बघा. नोंद नसेल तर पॅकेज अपडेट करा. रीबूट लागत नाही, कारण पीकेएक्सेक दर वेळी नव्याने सुरू होतो. डर्टी पाइपसारख्या कर्नलच्या त्रुटीत मात्र रीबूटशिवाय जुनाच कर्नल चालू राहतो, आणि तिथे खूप जण फसतात.

अपडेट मिळतच नसेल, तर रूट होऊन 'सीएचमॉड ०७५५ /यूएसआर/बिन/पीकेएक्सेक' (chmod 0755 /usr/bin/pkexec) द्या आणि 'एस' गेल्याची खात्री करा. त्यानंतर पीकेएक्सेकमधून रूट मिळवणारी डेस्कटॉपवरची साधनं चालणार नाहीत. पॅकेज पुन्हा बसवलं तर 'एस' परत येतो, तेव्हा पुन्हा बघा.

शेवटी ऑथ.लॉग (auth.log) किंवा सिक्युअर (secure) या लॉगिनच्या नोंदींच्या फाइलमध्ये 'शेल' (SHELL) व्हेरिएबलची किंमत /ईटीसी/शेल्समध्ये (/etc/shells) सापडली नाही, अशी पीकेएक्सेकची तक्रार शोधा. ती नसली म्हणून निर्धास्त होऊ नका; माग न ठेवताही हा हल्ला जमतो. ती सापडली आणि खुलासा होत नसेल, तर नुसतं अपडेट पुरत नाही. यंत्र नेटवर्कपासून तोडा, डिस्कची प्रत काढून ठेवा, सिस्टिम नव्याने बसवा आणि त्यावरच्या सगळ्या एसएसएच की आणि पासवर्ड बदला.