हापूसचा हंगाम, पाच चॅनेल आणि एकच भाव: डिजिटल मार्केटिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

नव्याने नोकरीला लागलेल्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं जातं, "आपण सगळीकडे दिसलो पाहिजे." मग तो एकच चित्र इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सॲप आणि वेबसाइटवर चढवतो आणि काम झालं असं समजतो. पुढे भाव हलला की गिऱ्हाइकाला मात्र चार ठिकाणी चार भाव दिसतात. हा मेळ कसा बसवायचा, ते देवगड-रत्नागिरीहून पुण्या-मुंबईत घरपोच हापूस पाठवणाऱ्या बागायतदाराच्या उदाहरणावर पाहू. हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा, भाव दर आठवड्याला हलणारा आणि माल नाशवंत. त्यामुळे इथली चूक दोन दिवसांत अंगाशी येते.

जाहिरातीचं खातं उघडण्याआधी एक शीट करा. रकाने साधेच: तारीख, फळाचं वजन, डझनाचा भाव, या तोडीच्या किती पेट्या उरल्या, कोणत्या पिनकोडला माल जातो, ऑर्डर कधीपर्यंत घ्यायची आणि भाव बदलायचा अधिकार कोणाचा. शेवटचा रकाना बहुतेक जण ठेवतच नाहीत, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. भाव हलला की आधी शीट, मग वेबसाइट, व्हॉट्सॲपचा कॅटलॉग, गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल आणि शेवटी इन्स्टाग्रामचे हायलाइट. क्रम ठरलेला असावा. चित्रात किंवा रीलमध्ये भाव छापूच नका. हंगामाच्या सुरुवातीच्या चढ्या भावाचं चित्र मे महिन्यातही सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत राहतं, आणि भाव निम्म्यावर आला तरी लोक विचारायलाच येत नाहीत.

वचनाचंही तसंच. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव लावायचा हक्क, म्हणजे जीआय) मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. पण बागायतदाराने स्वतः नोंदणी केलेली नसेल, तर जाहिरातीत मानांकनाचा शिक्का लावू नका. कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने विकला जातो हे गिऱ्हाइकाला चांगलं ठाऊक आहे, आणि तो पुरावा मागतोच.

आता कामाची वाटणी. गूगल सर्चवर येणारा माणूस आधीच शोधात असतो, त्यामुळे तिथे थेट विक्रीच्या ओळी हव्यात. एका जाहिरातीत १५ मथळे देता येतात, प्रत्येकी ३० कॅरेक्टरचे, आणि ९० कॅरेक्टरची ४ वर्णनं. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलंत वेगळे मोजले जातात. "रत्नागिरी हापूस" ही दिसायला ७ अक्षरं, मोजणीत मात्र १५. म्हणून मथळे आधी शीटमध्ये मोजून घ्या. ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दिसायला नको, ते पहिल्याच दिवशी वगळा: कलम, रोप, रेसिपी, पल्प, लोणचं, मार्केट यार्ड आजचा भाव. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये गूगल मुळातच "तिथे असलेले किंवा त्या ठिकाणात रस असलेले" असे दोन्ही लोक धरतं. ते बदलून फक्त तिथे असलेले ठेवा, नाहीतर पुण्यासाठी काढलेले पैसे जिथे पार्सल जातच नाही तिथे खर्च होतात.

मेटाचं, म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातींचं, काम नव्या लोकांपर्यंत पोचायचं. तिथे नवखे लोक ॲड सेटचा (एका ठरावीक गटाला दाखवायच्या जाहिरातींचा संच) बाजार मांडतात: बायका, पुरुष, पुणे, ठाणे, आईवडील, सगळे वेगळे. जाहिरात कोणाला दाखवायची हे मेटाची यंत्रणा आधी शिकते; एका ॲड सेटला या शिकण्याच्या टप्प्यातून बाहेर पडायला आठवड्याला साधारण ५० ऑर्डर किंवा चौकशा लागतात. धरा, एक ऑर्डर १५० रुपयांत पडते आणि आठवड्याचं बजेट १५,००० आहे. म्हणजे एकूण १०० ऑर्डर. दोन ॲड सेट केले तर प्रत्येकाला ५० मिळतात; पाच केले तर २०, आणि एकही धड शिकत नाही. जाहिरातीवरचा १८ टक्के जीएसटीही हिशेबात धरा. ताजा आंबा करमुक्त असल्याने त्याचा परतावा बागायतदाराला मिळत नाही.

व्हॉट्सॲपवर सौदा पुरा होतो, आणि माप तिथेच हरवतं. वेबसाइटच्या आकडेवारीत ही ऑर्डर दिसतच नाही. उपाय सोपा आहे: प्रत्येक ठिकाणच्या व्हॉट्सॲप लिंकमध्ये आधीच लिहिलेला वेगळा मजकूर घाला. इन्स्टाग्रामवरून येणाऱ्याचा निरोप "नमस्कार, भाव कळवा, इ१", गूगलवरून येणाऱ्याचा "ग१". काही जण खूण पुसतात, पुसू देत. जाहिरात चालू ठेवायची वेळ आणि उत्तर देणाऱ्या माणसाची वेळ एकच हवी. रात्री ११ला आलेल्या चौकशीला सकाळी १०ला उत्तर गेलं, तर पेटी दुसऱ्याकडून गेलेली असते. बिझनेस ॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात आणि निरोप फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणून पेटीत नंबर सेव्ह करायची चिठ्ठी टाका. विकत घेतलेली यादी वापरली की लोक ब्लॉक करतात आणि नंबर बंद पडतो, तोही ऐन हंगामात.

एसएमएस करायचा तर डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांची व्यावसायिक एसएमएससाठीची नोंदणी व्यवस्था) हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, आणि मजकुराची नोंदणी आधी लागते. मराठी मजकूर ७० कॅरेक्टरच्या पुढे गेला की दुसऱ्या संदेशाचे पैसे. ईमेल घरगुती गिऱ्हाइकाला फारसा चालत नाही. कंपन्यांच्या भेटपेट्यांसाठी ठेवा.

वेळापत्रक उलट्या दिशेने आखा. पेटीतलं फळ कडक असतं. पेंढ्यात पिकायला साधारण ५ ते ७ दिवस, उकाड्याप्रमाणे कमी-जास्त. अक्षय्य तृतीयेला ताटात आमरस हवा असेल, तर ७ दिवस पिकायला, २ प्रवासाला, १ पॅकिंगला. म्हणजे सणाच्या १० दिवस आधी ऑर्डर बंद, आणि जोराची जाहिरात त्याच्या आधीच्या आठवड्यात. सणाच्या आदल्या दिवशी शुभेच्छांसोबत "आजच मागवा" टाकलं, की कच्च्या आंब्याच्या तक्रारी ठरलेल्या. पिकवण्याच्या सूचनेचा मजकूरही रील, वेबसाइट, पेटीतली चिठ्ठी आणि व्हॉट्सॲपचं तयार उत्तर यांत शब्दशः एकच ठेवा.

गिऱ्हाईक कुठून आलं ते कळावं म्हणून लिंकच्या शेवटी जोडतात ती यूटीएमची नावं देताना सगळं स्मॉल लिपीत लिहा. कॅपिटलने सुरू झालेलं इन्स्टाग्राम आणि स्मॉलने सुरू झालेलं, हे अहवालात दोन वेगळे स्रोत होतात. मग आठवड्याचा हिशेब. सोमवारी रीलवर क्लिक केलेल्या बाईंनी गुरुवारी बागेचं नाव गूगलवर शोधलं, जाहिरातीवर टिचकी मारली आणि पेटी घेतली. मेटा साधारणपणे क्लिकनंतरचे ७ दिवस धरतं, म्हणून ऑर्डर त्याच्या खात्यात. गूगलच्याही खात्यात तीच. बागायतदाराच्या ऑर्डरच्या वहीत मात्र पेटी एकच. म्हणून दोघांची बेरीज करू नका. एकूण खर्च भागिले वहीतल्या ऑर्डर, हा आकडा अहवालात सगळ्यात वर. बागेच्या नावाने होणारे शोध वेगळ्या कॅम्पेनमध्ये ठेवा; ते लोक तुम्हाला आधीच ओळखतात, त्यामुळे ते मिसळले तर गूगल उगीच स्वस्त दिसतं.

गूगलच्या स्किलशॉपवर आणि मेटाच्या ब्लूप्रिंटवर फुकट शिकता येतं. पण मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा अशी एक शीट आणि चार आठवड्यांचे एकपानी अहवाल जास्त बोलतात.

हंगाम आवरताना एक लक्षात ठेवा. गूगल एखाद्या दिवशी रोजच्या बजेटच्या दुप्पट खर्च करू शकतं, त्यामुळे शेवटच्या तोडीच्या पेट्या संपत आल्या की जाहिराती एक दिवस आधीच थांबवा. वेबसाइटवर "पुढच्या हंगामासाठी नाव नोंदवा" असा फॉर्म लावा, संपर्क करायची परवानगी स्पष्ट विचारा आणि कॅटलॉगमधून पेट्या लपवा.