एनबीएच्या ट्रेडवर वाद घालताना या चुका टाळा

२ फेब्रुवारी २०२५ रोजी, भारतात रविवारची सकाळ असताना, अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्सने आपला सर्वांत मोठा तारा लुका डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकल्याची बातमी आली आणि बदल्यात डॅलसला अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी व लेकर्सचा २०२९ चा पहिल्या फेरीचा पिक (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, खेळाडू निवडण्याचा हक्क) मिळाल्याचे कळले. त्या दिवशी सुरू झालेल्या वादात बहुतेकांचा प्रश्न एकच होता: डॉन्चिचचे मोल एवढेच का? प्रश्न रास्त आहे. परंतु या व्यवहारात युटा जॅझ हा तिसरा संघ कशासाठी होता आणि जेलन हूड-शिफिनो या फारसा न खेळलेल्या खेळाडूला तिकडे का धाडावे लागले, हे फार थोड्यांनी विचारले. आणि ट्रेडची, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या देवाणघेवाणीची, खरी रचना तिथेच दिसते.

हिशेब असा होता. लेकर्सचा वेतनखर्च त्या वेळी पहिल्या एप्रनच्या (लीगने वेतनखर्चावर आखलेल्या दोन वरच्या रेषांपैकी पहिलीच्या) वर होता, म्हणजे ट्रेडमध्ये जितके वेतन बाहेर जाईल त्यापेक्षा एक डॉलरही जास्त आत घेण्याची त्यांना मुभा नव्हती. डॉन्चिचचे सुमारे ४.३० कोटी डॉलर आणि मॅक्सी क्लेबरचे १.१० कोटी डॉलर मिळून ५.४० कोटी डॉलर आत येत होते, तर डेव्हिस आणि क्रिस्टी मिळून केवळ ५.०४ कोटी बाहेर जात होते. हूड-शिफिनोचे ३९ लाखांच्या आसपासचे वेतन जोडल्यावर पारडे कसेबसे लेकर्सच्या बाजूला झुकले आणि उरलेली फट जेमतेम दोन लाख डॉलरांची होती. तिसरा आलेला मार्कीफ मॉरिस किमान वेतनावर असल्याने त्याचे वेतन जुळवावे लागले नाही. एवढे समजून घेतल्यावर ‘लेकर्सने आणखी एखादा खेळाडू का मागितला नाही’ हा प्रश्न उरत नाही. ‘डॅलसने आणखी पिक का मागितले नाहीत’ हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो, आणि माझ्या मते टीका करायचीच असेल तर ती तिथेच करायला हवी.

आयपीएलची पर्स डोक्यात ठेवून सॅलरी कॅप मोजणे

आपल्याकडच्या चाहत्यांची ही सर्वांत मोठी आणि अगदी समजण्यासारखी चूक आहे. आयपीएलच्या २०२५ च्या महालिलावात प्रत्येक संघाकडे १२० कोटी रुपयांची पर्स होती आणि ती ओलांडण्याचा प्रश्नच नव्हता. एनबीएची सॅलरी कॅप तशी नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी कॅप सुमारे १५.४६ कोटी डॉलर ठरली, तरी बहुसंख्य संघ तिच्या वरच असतात आणि त्यात नियमभंग काहीच नसतो. कॅपच्या वर गेलेल्या संघाला बाहेरच्या खेळाडूला हव्या त्या रकमेवर करारबद्ध करता येत नाही, एवढाच कॅपचा मुख्य अर्थ. आपल्याच खेळाडूला ठेवायचे असेल तर लॅरी बर्डच्या नावाने ओळखली जाणारी सवलत आहे, जिच्या आधारे तीन हंगाम सलग करारात असलेल्या खेळाडूला कॅप ओलांडूनही त्याच्या कमाल वेतनापर्यंत देता येते. ट्रेड झाला तर हा हक्क खेळाडूबरोबर नव्या संघाकडे जातो, म्हणूनच करार संपत आलेला खेळाडूही अनेकदा महाग मिळतो.

कॅपच्या वर तीन पायऱ्या आहेत आणि वाद घालताना खरे लक्ष तिकडे हवे. २०२५-२६ मध्ये लक्झरी टॅक्सची रेषा सुमारे १८.७९ कोटी डॉलरवर, पहिला एप्रन १९.५९ कोटींवर आणि दुसरा एप्रन २०.७८ कोटींवर होता. टॅक्सची रेषा ओलांडली की मालकाच्या खिशातून पैसे जातात. एप्रन ओलांडले की संघव्यवस्थापनाच्या हातातली साधने जातात. श्रीमंत मालकाला टॅक्सची फारशी पर्वा नसते, एप्रनच्या बंधनांपुढे मात्र त्याचा पैसा चालत नाही, आणि लीग व खेळाडूंची संघटना यांच्यातल्या, २०२३ मध्ये लागू झालेल्या सामूहिक कराराचा हेतू नेमका तोच होता.

आयपीएलमधून आलेली आणखी एक समजूत अशी की खेळाडू रोख रकमेवर विकत घेता येतो. हार्दिक पंड्या नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे पूर्णपणे रोखीच्या व्यवहारात आला, हे आपल्या लक्षात असते. एनबीएमध्ये ट्रेडमध्ये द्यायच्या रोख रकमेवर हंगामागणिक मर्यादा असून ती एखाद्या मध्यम खेळाडूच्या वार्षिक वेतनापेक्षाही कमी असते, आणि दुसऱ्या एप्रनच्या वरच्या संघाला तर रोख देताच येत नाही. त्यामुळे ‘पैसे टाका आणि घ्या’ हा सल्ला तिथे निरर्थक आहे.

एका संघाला लागू पडलेला ट्रेड दुसऱ्याला लागू पडेल असे मानणे

हा नियम ज्याला समजला त्याचे निम्मे वाद मिटतात. पहिल्या एप्रनच्या खाली राहणाऱ्या संघाला बाहेर जाणाऱ्या वेतनापेक्षा काही प्रमाणात जास्त वेतन आत घेता येते. २०२३ चा सामूहिक करार लागू झाला तेव्हा ७५ लाख डॉलरपर्यंतचे वेतन बाहेर जात असेल तर त्याच्या दुप्पट अधिक अडीच लाख, त्यापुढे २.९ कोटींपर्यंत ७५ लाखांची भर आणि त्याहून मोठ्या रकमेला सव्वापट अधिक अडीच लाख, असे ते गणित होते. पुढे कॅपबरोबर हे आकडेही वाढत गेले. पण ही सवलत वापरणाऱ्या संघावर त्या हंगामापुरता पहिला एप्रन ही न ओलांडता येणारी भिंत म्हणून उभा राहतो, हे विसरून लोक जुलैत एक ट्रेड आणि फेब्रुवारीत दुसरा असे मनोराज्य रचतात आणि दुसऱ्या ट्रेडला जागाच उरलेली नसते.

दुसऱ्या एप्रनच्या वरची बंधने आणखी कडक आहेत. तिथल्या संघाला दोन किंवा अधिक खेळाडूंची वेतने एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. फिनिक्स सन्सची २०२४-२५ मधली कोंडी याच नियमातून झाली. केव्हिन ड्युरंट, डेव्हिन बुकर आणि ब्रॅडली बील यांच्या वेतनांमुळे संघ दुसऱ्या एप्रनच्या वर गेला होता, जिमी बटलर हवा होता, आणि बटलरच्या वेतनाला जुळवताना बाकीचे लहानसहान करार एकत्र करण्याची सोय नव्हती. बीलचे वेतन एकट्याने पुरेसे होते, पण ट्रेड नाकारण्याचा हक्क त्याच्या करारातच होता. बटलर अखेर गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे गेला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात सन्सने ड्युरंटला ह्यूस्टनला दिले आणि बीलचा करार मोडीत काढून उरलेली देय रक्कम पाच वर्षांवर पसरवली. उरलेल्या वर्षांची दुप्पट अधिक एक, या नियमाने दोन वर्षांची पाच झाली, आणि दरवर्षी सुमारे १.९४ कोटी डॉलर अशा खेळाडूच्या नावावर खर्ची पडत राहतात जो संघात नाही.

मात्र ‘दुसऱ्या एप्रनच्या वर गेले की ट्रेडच बंद’ हेही खरे नाही. वेतने एकत्र करून एक खेळाडू आणण्यास मनाई आहे. एक मोठे वेतन देऊन अनेक लहान वेतने घेण्यास नाही. मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्ज दुसऱ्या एप्रनच्या वर असतानाच ऑक्टोबर २०२४ मध्ये कार्ल-अँथनी टाउन्स न्यू यॉर्क निक्सला गेला आणि ज्युलियस रँडल, डॉन्टे डिव्हिन्चेंझो व एक पिक मिनेसोटाकडे आले. त्या व्यवहारात निक्सने ज्यांची नावेही अनेकांना ठाऊक नव्हती अशा तीन खेळाडूंशी करार करून त्यांना लगोलग शार्लटला पाठवले, कारण त्यांच्या बाजूने जाणाऱ्या वेतनाचा आकडा फुगवायचा होता. अशा किरकोळ वाटणाऱ्या नावांवरून नजर सरकू देऊ नये. त्यांच्याशिवाय मोठी नावे जागची हललीच नसती.

ट्रेड एक्सेप्शनला खेळाडू समजणे

ट्रेडमध्ये आत आलेल्यापेक्षा जास्त वेतन बाहेर गेले की संघाला पुढे तेवढ्या वेतनाचा खेळाडू घेण्याची जी मुभा उरते, ती ट्रेड एक्सेप्शन. एखाद्या संघाकडे एक कोटी डॉलरचे ट्रेड एक्सेप्शन आहे आणि दीड कोटीचा एक खेळाडू आहे, म्हणून दोन्ही मिळून अडीच कोटींचा खेळाडू येईल, असे गणित सर्रास मांडले जाते. येत नाही. ट्रेड एक्सेप्शन कोणाच्याही वेतनाबरोबर जोडता येत नाही आणि साधारण वर्षभरात ते संपते. अंदाजे आकडा आणि कराराचा आकडा एकच समजणे ही याच जातीची दुसरी चूक. जेलन ब्राउनचा २०२३ चा करार ३०.४ कोटी डॉलरचा म्हणून गाजला, कारण पुढच्या वर्षी कॅप कमाल दहा टक्के वाढेल असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात कॅप १४.०६ कोटींवर थांबली आणि कमाल वेतन कॅपच्या ३५ टक्के असल्याने करार २८.५ कोटींच्या आसपास आला. दोन संघांच्या भविष्यातल्या खर्चाची तुलना करताना हा फरक एका चांगल्या राखीव खेळाडूएवढा भरतो.

पिक मोजताना फक्त संख्या पाहणे

‘चार पहिल्या फेरीचे पिक देऊन टाका’ असे म्हणण्यापूर्वी ते देता येतात का, हे पाहावे. क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सचे मालक टेड स्टेपियन यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी पहिल्या फेरीचे पिक इतक्या बेफिकिरीने वाटले की, लागोपाठच्या दोन आगामी ड्राफ्टमध्ये संघ पहिल्या फेरीच्या पिकविना राहू नये असा नियम त्यांच्याच नावाने रूढ झाला. शिवाय सात वर्षांपलीकडचे पिक देता येत नाहीत, आणि दुसऱ्या एप्रनच्या वर हंगाम संपवणाऱ्या संघाचा सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक गोठवला जातो, म्हणजे तो ट्रेडमध्ये देता येत नाही. त्यानंतरच्या चारपैकी दोन हंगामांतही तो संघ वरच राहिला, तर तो पिक थेट फेरीच्या शेवटी ढकलला जातो. म्हणून एकाआड एक वर्षांचे पिक आणि मधल्या वर्षांचे पिक आपसांत बदलून घेण्याचा हक्क अशी रचना मोठ्या ट्रेडमध्ये वारंवार दिसते.

किंमत ठरवताना पिक देणारा संघ पुढे कसा असेल हा प्रश्न संख्येहून महत्त्वाचा आहे. २०१९ मध्ये क्लिपर्सने पॉल जॉर्जसाठी ओक्लाहोमा सिटी थंडरला शे गिलजस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी आणि पिकची रास दिली, तेव्हा ते पिक चांगल्या संघाचे, म्हणजे उशिराचे (कारण ड्राफ्टमध्ये कमकुवत संघ आधी निवडतात), म्हणून अनेकांनी हलक्यात घेतले होते. कवाय लेनर्ड दुखापतीमुळे २०२१-२२ चा संपूर्ण हंगाम बाहेर राहिला, क्लिपर्स बाद फेरीत पोहोचले नाहीत, बारावा पिक थंडरकडे गेला आणि त्यावर जेलन विल्यम्स निवडला गेला. २०२५ च्या विजेत्या संघाचे दोन प्रमुख खेळाडू असे एकाच व्यवहारातून आले. ब्रुकलिन नेट्सने २०१३ मध्ये केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स यांच्यासाठी बॉस्टनला दिलेल्या पिकमधून पुढे जेलन ब्राउन आणि जेसन टेटम मिळाले, हे उदाहरण तर एनबीए पाहणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असायला हरकत नाही.

खेळाडूच्या दर्जावरून वेतनकपातीचा ट्रेड जोखणे

२०२५ च्या उन्हाळ्यात बॉस्टन सेल्टिक्सने ज्रू हॉलिडेला पोर्टलंडला देऊन अँफर्नी सायमन्स घेतला, तेव्हा ‘बचावात एवढा तोलामोलाचा खेळाडू कोणी असा देतो का’ अशी हळहळ पुष्कळ झाली. हॉलिडेच्या करारात तीन वर्षे आणि सुमारे १०.४ कोटी डॉलर शिल्लक होते; सायमन्सचे एकच वर्ष आणि २.७७ कोटी. टेटम मे महिन्यात टाचेची शीर तुटून जायबंदी झाला होता, संघ दुसऱ्या एप्रनच्या बराच वर जाणार होता, आणि विजेतेपदाची शक्यता नसलेल्या हंगामासाठी वेतन व टॅक्स मिळून ५० कोटी डॉलरचा बोजा उचलण्यात अर्थ नव्हता. क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस अटलांटाला गेला तोही याच कारणाने. अशा ट्रेडमध्ये कोण आले हे दुय्यम असते. किती वर्षांची देणी गेली आणि कोणती साधने परत हाती आली, यावर निवाडा करावा.

लीग ट्रेड रद्द करील ही आशा

डॉन्चिच गेल्यावर डॅलसच्या चाहत्यांनी ही मागणी केली आणि दाखला म्हणून क्रिस पॉलचे नाव पुढे आले. डिसेंबर २०११ मध्ये न्यू ऑर्लिन्स हॉर्नेट्सने पॉलला लेकर्सकडे पाठवण्याचे ठरवले आणि कमिशनर डेव्हिड स्टर्न यांनी ते थांबवले, हे खरे आहे. मात्र त्या वेळी हॉर्नेट्सची मालकी एनबीएकडेच होती आणि स्टर्न यांनी नकार दिला तो मालकाच्या बाजूने, जसा कोणताही मालक आपल्या व्यवस्थापकाला देऊ शकतो. वेतने जुळत असतील, तारखांची बंधने पाळली असतील आणि खेळाडू वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झाले असतील, तर एखाद्या संघाने स्वतःचे नुकसान करून घेतले एवढ्या कारणावरून लीग व्यवहार मोडत नाही. पॉलला काही दिवसांतच लॉस एंजेलिसला पाठवण्यात आले; फक्त लेकर्सकडे नाही, क्लिपर्सकडे.