लाल गूजबेरी: नुसती खाण्याजोगी पिकवायची कशी

गूजबेरी म्हणजे आवळा नव्हे, रसभरीही नव्हे. हे थंड प्रदेशातलं काटेरी झुडूप, करंट या छोट्या आंबटगोड फळाच्या जातकुळीतलं. फळ कच्चं तोडलं तर ते जॅमच्याच कामाचं. नुसतं तोंडात टाकायचं असेल तर फिनलंडची ‘हिनोनमाकी रेड’ ही लाल जात लावा. साल आंबटसर, गर गोड. मुख्य म्हणजे भुरी रोगापुढे (पांढऱ्या भुकटीसारखी दिसणारी बुरशी) ती सहसा हार मानत नाही. काटे मात्र भरपूर, हातमोजे घ्याच.

उघड्या मुळांची रोपं झाड झोपेत असताना, म्हणजे युरोपात नोव्हेंबर ते मार्च, लावतात. पाणी साचणारी जागा नको. दोन झुडपांत सव्वा ते दीड मीटर अंतर ठेवा. तारांवर एकदांडी, म्हणजे एकच सरळ दांडा ठेवून, वाढवायची असेल तर 30 ते 35 सेंटिमीटर पुरे. व्यापारी लागवडीत या पद्धतीने तोडणी सोपी जाते. परागणासाठी दुसरी जात लागत नाही.

खरी मेहनत छाटणीत आहे. जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटर खोड मोकळं ठेवा आणि वर फांद्यांचा पेला करा, मध्य रिकामा. हात आत घातला आणि ओरखडा न येता बाहेर आला, तर छाटणी जमली! हिवाळ्यात आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. उन्हाळ्यात नवे बाजूचे फुटवे पाच पानांवर खुडा. हवा खेळली की भुरीला थारा मिळत नाही. नत्राचा मारा टाळा, कोवळी लुसलुशीत वाढ भुरीला आवडते. पालाश (पोटॅश) मात्र द्या.

मेअखेरीस एक आड एक फळ तोडा. जीवावर येतं, पण हिरवी फळं जॅमला जातात आणि उरलेली फुगतात.

त्याच सुमारास झुडपाच्या मध्यात, खालची पानं उलटून बघा. सॉफ्लाय या माशीसारख्या किडीच्या हिरव्या, काळ्या ठिपक्यांच्या अळ्या तिथूनच सुरुवात करतात आणि आठवड्याभरात नुसत्या शिरा उरतात. दिसताच वेचा.

फळ गडद लाल होऊन बोटाखाली किंचित दबलं की तोडा. बाजारात पाठवायचं असेल तर दबण्याआधीच, नाहीतर पेटीच्या तळाशी रस साचतो. पक्ष्यांसाठी जाळी आधीच टाकून ठेवा.