व्हिसेग्राड प्लस अनुदान: अर्ज करताना या चुका टाळा

पोलंड, झेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया आणि हंगेरी या व्हिसेग्राड गटातल्या चार देशांनी २००० साली आंतरराष्ट्रीय व्हिसेग्राड निधी उभारला. त्याची कचेरी ब्रातिस्लाव्हात आहे. निधीचं ‘व्हिसेग्राड प्लस’ अनुदान पश्चिम बाल्कन (सर्बिया, बोस्निया वगैरे) आणि पूर्व भागीदारीतल्या (युक्रेन, जॉर्जिया, आर्मेनियासारख्या युरोपीय संघाच्या पूर्वेकडच्या शेजारी) देशांबरोबरच्या प्रकल्पांसाठी असतं. हे चौघे २००४ मध्ये युरोपीय संघात गेले. त्या वाटचालीत कमावलेलं ज्ञान आता दारात थांबलेल्यांना द्यायचं, हा त्यामागचा विचार. कमकुवत अर्ज इथेच फसतो. देणाऱ्याकडे काय आहे हे पानभर लिहिलेलं असतं आणि घेणाऱ्याला काय हवं ते दोन ओळींत उरकलेलं असतं.

गरज मोघम लिहिणं

‘सर्बियाच्या प्रशासनाची क्षमता वाढवणे’ ही गरज नव्हे. सदस्यत्वाची बोलणी ३५ प्रकरणांत चालतात: सार्वजनिक खरेदी पाचव्यात, न्यायव्यवस्था आणि मूलभूत हक्क तेविसाव्यात, पर्यावरण सत्ताविसाव्यात. युरोपीय आयोग दरवर्षी प्रत्येक उमेदवार देशाचा अहवाल काढतो. त्यातली एकच शिफारस उचला आणि ती कोणत्या खात्यात, कोणत्या टप्प्यावर अडली आहे ते लिहा. हा परिच्छेद तिथल्या भागीदारालाच लिहायला सांगा. त्याला तो लिहिता येत नसेल, तर भागीदार तरी चुकलाय किंवा विषय तरी.

जुनं ज्ञान जसंच्या तसं देणं

२००४ चा अनुभव मोलाचा आहे, पण तेव्हाचे नियम आता राहिलेले नाहीत. सार्वजनिक खरेदीचे युरोपीय निर्देश २०१४ मध्ये नव्याने आले. जुन्या स्लाइड घेऊन गेलेला तज्ज्ञ रद्द झालेली पद्धत शिकवून येतो. खरा उपयोग होतो तो निर्णयांमागचं गणित उघड केल्याने. उदाहरणार्थ, शहरी सांडपाण्याच्या नियमांसाठी पोलंडने २०१५ अखेरपर्यंतची सवलत मिळवली होती. तेवढी मुदत कशाच्या आधारावर मागितली, खर्चाचा अंदाज कुठे चुकला, कोणतं काम आधी हातात घ्यायला हवं होतं, हे आज वाटाघाटी करणाऱ्यांना पाठ्यपुस्तकात सापडत नाही. म्हणून वक्ता निवडताना तेव्हाच्या वाटाघाटींत प्रत्यक्ष बसलेला माणूस शोधा.

नावापुरता भागीदार

व्हिसेग्राडच्या किमान तीन देशांतल्या संस्था लागतात. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात तिसरं नाव चिकटवलं जातं. परीक्षकाला ते अंदाजपत्रकात लगेच दिसतं: त्या संस्थेपुढे ना काम, ना रक्कम. प्रत्येक भागीदाराच्या नावापुढे एक उपक्रम, एक जबाबदार व्यक्ती आणि हाती येणारी एक वस्तू लिहून पाहा. रकाना रिकामा राहिला तर भागीदार बदला.

पलीकडच्या बाजूला अधिकार कोणाकडे आहे तेही तपासा. बोस्निया आणि हर्झेगोविनात पर्यावरणाचा कारभार मुख्यतः फेडरेशन आणि रेपुब्लिका स्रप्स्का या घटकांकडे आहे. केवळ केंद्रीय मंत्रालयाशी करार केलात तर प्रशिक्षण होईल, अंमलबजावणी होणार नाही. कोसोवोला स्लोव्हाकियाची मान्यता नाही, त्यामुळे स्लोव्हाक सरकारी संस्था सोबत असेल तर पत्रांची भाषा आणि सह्यांचा क्रम आधीच ठरवून घ्या.

प्रवासाचे दिवस न मोजणं

युक्रेनचं नागरी हवाई क्षेत्र फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे. कीव्हहून येणारे पाहुणे रेल्वेने, बहुधा पोलंडच्या प्शेमिशलमार्गे येतात. दोन दिवसांच्या कार्यशाळेला जाण्या-येण्याचे आणखी किमान दोन दिवस धरा आणि त्या रात्रींच्या मुक्कामाचा खर्चही. लष्करी कायद्यामुळे पुरुषांच्या देशाबाहेर जाण्यावर निर्बंध आहेत, म्हणून नावं लिहिण्याआधी प्रत्येकाला देशाबाहेर जायची परवानगी आहे का ते विचारा. आर्मेनियाच्या पाहुण्यांना शेंगेन व्हिसा लागतो; निमंत्रणपत्रं लवकर पाठवा.

पैशाचं गणित

अनुदान युरोत येतं, पण चौघांपैकी युरो फक्त स्लोव्हाकियात चालतो. बुडापेस्टचं हॉटेल फोरिंटमध्ये, क्राकूवचं सभागृह झ्लॉटीत. अर्ज ते खर्च या काळात दर हलतो, म्हणून अंदाजपत्रक अगदी काठावर बसवू नका. व्यवस्थापन खर्चाला १५ टक्क्यांची मर्यादा आहे. अनुदान हप्त्यांनी मिळतं आणि शेवटचा हप्ता अंतिम अहवाल मंजूर झाल्यावरच. तोपर्यंतची बिलं कोण भागवणार, हे भागीदारांच्या करारात लिहून ठेवा. छोटी संस्था बहुतेक वेळा इथेच अडकते.

मुदत

१ फेब्रुवारी, १ जून, १ ऑक्टोबर. मध्य युरोपीय वेळेनुसार दुपारी १२ पर्यंत, रात्री १२ पर्यंत नव्हे. पोर्टलवर अर्ज आदल्या दिवशीच जमा करा.

भाषांतराला पैसे न ठेवणं

प्रकल्प संपताना इंग्रजी पीडीएफ तयार होते आणि ज्या नगरपालिकेसाठी ती लिहिली तिथे ती कोणी उघडत नाही. अल्बेनियन, जॉर्जियन किंवा युक्रेनियन भाषांतर, त्याची तपासणी आणि कार्यशाळेतले दुभाषे यांची रक्कम पहिल्या अंदाजपत्रकातच वेगळी दाखवा. नंतर ती इतर रकान्यांतून काढावी लागली, तर सहसा सहभागींची संख्या कमी करावी लागते.