जुन्या फोर्ड एफ-१५०चा हीटर कोर घरच्या घरी कसा बदलावा

मिशिगनच्या जानेवारीत ट्रकचा हीटर बंद पडला की प्रश्न नुसत्या थंडीचा राहत नाही. समोरच्या काचेवरचा बर्फ वितळवायला गरम हवा लागते, ती नसेल तर रस्ताच दिसत नाही. माझ्या १९९३च्या एफ-१५०मध्ये आधी गोडसर वास यायला लागला. मग काच आतून कितीही पुसली तरी तेलकट थर राहायचा. शेवटी शेजारच्या सीटपुढचं कार्पेट दाबून पाहिलं, तर बोटांना हिरवट, बुळबुळीत ओल लागली. हीटर कोर गळत होता.

हा कोर म्हणजे डॅशबोर्डच्या आतला छोटा रेडिएटर. इंजिनातलं गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) त्यातून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. पार्ट ४०-५० डॉलरला येतो; बिल फुगतं ते मजुरीने.

आधी आपला ट्रक कोणता ते बघा

१९८७ ते १९९६च्या एफ-१५०मध्ये कोर ग्लोव्ह बॉक्सच्या मागेच असतो. डॅशबोर्ड उतरवावा लागत नाही, एसीच्या पाइपांना हात लावावा लागत नाही. पहिल्यांदाच करणाऱ्यालाही एक दुपार पुरते. १९९७नंतरच्या मॉडेलमध्ये मात्र डॅशबोर्ड जागेवरून काढावा लागतो. त्याच काळातल्या डॉज रॅमसारख्या ट्रकमध्ये तर एसीची लाइनही सोडावी लागते, आणि तिच्यातला गॅस हवेत सोडणं अमेरिकेत बेकायदा आहे. तिथे गॅरेजला पैसे द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

दोष कोरचाच आहे ना, याचीही खात्री करा. ओल स्वच्छ पाण्याची असेल आणि वास नसेल तर एसीचा ड्रेन तुंबलेला असू शकतो. गळती नाही, पण हवा थंडच येते? इंजिन तापल्यावर फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीकडे) जाणाऱ्या दोन्ही होज, म्हणजे रबरी पाइप, जपून चाचपा. एक गरम आणि एक गार असेल तर कोर तुंबलाय. दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडा अडकला असण्याची शक्यता जास्त.

उघडताना

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं कूलंट दाबाखाली असतं, अंगावर उडालं तर गंभीर भाजतं. खाली पसरट भांडं ठेवा आणि रेडिएटरच्या तळाच्या ड्रेनमधून थोडं कूलंट काढून घ्या. पातळी हीटरच्या होजखाली गेली की बास. हे कूलंट विषारी असतं, पण चवीला गोड. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोडंसंही त्यांच्या जिवावर बेततं. भांडं एक मिनिटही उघडं सोडू नका, लहान मुलांनाही लांब ठेवा.

आता बॉनेटखाली, प्रवाशाच्या बाजूला फायरवॉलमधून आलेल्या कोरच्या दोन नळ्या आणि त्यांवर चढवलेल्या होज दिसतील. कोणती होज कुठली, ते टेप लावून लिहून ठेवा. होज आवळून धरणारे क्लॅम्प सैल करा. इथेच घाई नडते. वर्षानुवर्षांचं रबर नळीला चिकटून बसलेलं असतं, आणि जोर लावून ओढलं की नळी वाकते. मी होज ओढत बसलो नाही. नळीवरच्या भागात धारदार पात्याने रबराला उभी चीर दिली, सालासारखं सोललं, आणि होज अलगद निघाली. तेवढं टोक कापून टाकलं. लांबी कमी पडली तर होज नवीनच घाला, तशाही त्या महाग नसतात.

आत येऊन ग्लोव्ह बॉक्स रिकामा करा, त्याच्या बाजू आत दाबून तो खाली सोडा. मागे प्लास्टिकचं झाकण दिसेल. त्याचे सगळे स्क्रू काढा, वरच्या कोपऱ्यातले हाताला लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. कोर बाहेर ओढण्याआधी खाली जुने टॉवेल अंथरा, कारण आत अजून कपभर कूलंट असतंच.

बसवताना

नवा कोर जुन्याशेजारी ठेवून नळ्यांची जाडी आणि कोन ताडून पाहा. जुन्याभोवतीची फोमची पट्टी बहुधा कुजलेली असते. नवी चिकटवा, नाहीतर हवा कोरमधून न जाता बाजूने निसटते आणि एवढं करूनही ट्रक गरम होत नाही. झाकण लावण्याआधी होज जोडा, कूलंट भरा, इंजिन चालू करून गळतंय का ते पाहा. मी आधी झाकण लावलं आणि एक क्लॅम्प सैल निघाला. तो बाहेरच्या बाजूला होता म्हणून वाचलो.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. हे मिश्रण उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. रेडिएटरचं झाकण इंजिन गार असतानाच उघडून तसंच ठेवा, हीटर पूर्ण गरमवर लावा, मग इंजिन चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तसंच चालू द्या. बुडबुडे येतील, पातळी उतरेल, तसतसं भरत राहा. ट्रकचं नाक चढावर असेल तर हवा लवकर निघते.

एक तपासणी बरेच जण सोडून देतात. मल्टिमीटरची काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकाला लावा, लाल टोक कूलंटमध्ये बुडवा, धातूला लागू देऊ नका. ०.४ व्होल्टच्या वर आकडा आला, तर कूलंट जुनं झालंय किंवा कुठलं तरी अर्थिंग खराब आहे. तो करंट नवा कोरही आतून खाऊन टाकतो. आधी कूलंट पूर्ण बदला, मग इंजिनापासून बॉडीकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्या घासून घट्ट करा.

काढलेलं कूलंट झाकणाच्या डब्यात भरून काउंटीच्या (जिल्ह्याच्या) घातक कचरा केंद्रावर द्या, नाल्यात ओतू नका. कार्पेट उचलून खालचं जाड अस्तर कोमट पाण्याने धुवा आणि पंख्याखाली वाळवा. माझं वाळायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सकाळी डिफ्रॉस्ट लावला, तेव्हा काच खालच्या कडेपासून वर स्वच्छ होत गेली आणि आत वासाचा मागमूस नव्हता.